लहान पूल, मोऱ्या आणि पाण्याची वाट

मोठ्या पुलांचें भाग्यहि मोठें असतें. त्यांचें उद्घाटन थाटानें होतें, त्यांस थोर पुरुषांचीं नांवें मिळतात, त्यांचीं छायाचित्रें दिनदर्शिकांवर झळकतात. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी व न्हावा-शेवा यांस जोडणारा अटल सेतु खुला झाला, तेव्हां त्याची सुमारें २१.८ किलोमीटर लांबी शाळेंतील लहान मुलांसहि तोंडपाठ झाली. परंतु घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मोऱ्या किती लागतात, असा प्रश्न केल्यास थोरामोठ्यांसहि उत्तर देतां यावयाचें नाहीं. मोरीला नांव नसतें, तिच्यावर पाटी नसते, आणि तिच्यावरून जाणाऱ्यास आपण एका पुलावरून जात आहों ह्याची जाणीवहि नसते. ती आपल्या ध्यानांत येते ती एकाच प्रसंगीं; रस्त्यावर गुडघाभर पाणी साचून बस बंद पडते तेव्हां.

मोरी म्हणजे रस्त्याच्या, रेल्वेच्या किंवा बांधाच्या पोटांतून पाणी पलीकडे नेण्यासाठीं ठेवलेली वाट. (घरांत भांडीं घासण्याची मोरी ती निराळी, परंतु तुंबण्याच्या बाबतींत दोघी सख्ख्या बहिणी शोभतात.) कोठें ती सिमेंटच्या गोल नळांची असते, कोठें दोन दगडी भिंतींवर लाद्या टाकून केलेली असते, तर कोठें काँक्रीटच्या चौकोनी पेटीसारखी असते. कोंकणांतील खेड्यांत ओढ्यावर दोन ओंडके टाकून जो साकव करतात, तोहि ह्याच कुळांतला. साकवाच्या अंगीं मात्र एक मोठा गुण आहे. पूर फारच चढला तर साकव स्वतःच वाहून जातो आणि पाण्यास वाट मोकळी करून देतो. पक्की मोरी वाहून जात नाहीं, आणि अडचणीस आरंभ तेथूनच होतो.

आपल्या नवी मुंबईचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणा. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी, आणि दोहोंच्या मध्यें उत्तर-दक्षिण पसरलेली जमिनीची अरुंद पट्टी. डोंगरावर पडलेल्या पावसास खाडीला मिळावयाचें तर ही पट्टी आडवी ओलांडावी लागते. आणि माणसांनीं जे मोठे मार्ग बांधले ते बहुतेक उत्तर-दक्षिण धांवतात. म्हणजे पाण्याची वाट व माणसाची वाट एकमेकींस काटकोनांत छेदतात. डोंगरांतून उतरलेला नाला प्रथम कारखान्यांच्या वसाहतींतील रस्त्यांखालून जातो, मग ठाणें-बेलापूर रस्त्याखालून, त्यानंतर २००४ सालीं सुरू झालेल्या ठाणें-वाशी रेल्वेमार्गाखालून, पुढें निरनिराळ्या सेक्टरांच्या गल्ल्यांखालून, आणि दक्षिणेकडील भागांत अखेरीस पामबीच रस्त्याखालून. अशीं पांचसहा दारें ओलांडल्यावर त्यास खाडीचें दर्शन घडतें. ह्या दारांपैकीं चार प्रशस्त असलीं आणि एकच अरुंद असलें, तर नाल्याचें सामर्थ्य त्या अरुंद दाराएवढेंच. साखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडींत, तसेंच हें आहे.

हें शहर वसण्यापूर्वीं ह्या पट्टीवर काय होतें? १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली व जमिनी संपादन करण्याचें काम सुरू झालें. तत्पूर्वीं येथें आगरी व कोळी लोकांचीं गांवें, मिठागरें आणि खाडीच्या कांठानें भाताचीं खाजणें होतीं. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून आगरी शेतकरी खाडीच्या अंगास मातीचे लांबच लांब बांध घालीत. पण बांध घातला म्हणजे खाडीचें पाणी जसें आंत येत नाहीं, तसेंच पावसाचें पाणी बाहेरहि जात नाहीं. ह्यावर त्यांनीं योजलेला उपाय म्हणजे उघाडी. बांधांत एक वाट ठेवावयाची आणि तिच्या खाडीकडच्या तोंडास वरून लोंबतें लांकडी दार बसवावयाचें. भरती आली कीं खाडीचेंच पाणी त्या दारास दाबून बंद करतें; ओहोटी लागली कीं आंतलें पाणी त्यास लोटून बाहेर पडतें. गोव्यांतील खाजणांत असल्या दारास मानस म्हणतात. यंत्र नाहीं, इंधन नाहीं, पहारेकरी नाहीं. चंद्र व समुद्र हेच त्याचे चालक. बांध फुटला तर साऱ्या गांवाचें पीक जावयाचें, म्हणून त्याची डागडुजी हें साऱ्या गांवाचें काम समजलें जाई. पुढें १९४८ सालीं मुंबई प्रांतानें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला. नव्या शहराच्या रचनाकारांनीं हीच युक्ति मोठ्या प्रमाणावर उचलली. तिची हकीकत पुढें येईलच.

आतां थोडें गणित करूं, कारण पाण्याच्या बाबतींत विशेषणांपेक्षां आंकडे अधिक बोलतात. तासाभरांत ५० मिलीमीटर पाऊस पडला असें धरा. आपल्याकडे आषाढ-श्रावणांत हा कांहीं अद्भुत पाऊस नव्हे. दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद अशा एका वर्गाच्या छपरावर त्या तासांत चार हजार लिटर पाणी पडतें. एक हेक्टर जागेवर पांच लक्ष लिटर. आणि डोंगराच्या उतारावरील एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर पांच कोटि लिटर, म्हणजे दर सेकंदास जवळ जवळ चौदा हजार लिटर. डोंगरावर झाडी व माती असेल तर ह्यांतील बराच भाग जमिनींत मुरतो व उरलेला हळूहळू खालीं येतो. तेथें छपरें, फरशा व डांबरी रस्ते झाले म्हणजे बहुतेक सर्व पाणी एकदम धांवत सुटतें. पाऊस तेवढाच, पण नाल्याच्या दारीं येणारा लोंढा मात्र पूर्वींपेक्षां मोठा व अधिक लौकर येणारा. जी मोरी वाडवडिलांच्या काळीं पुरेशी होती ती आज अपुरी कां, ह्याचें हें एक कारण.

खाडीपलीकडच्या मुंबईंत जुन्या पर्जन्यगटारांची रचना ताशीं २५ मिलीमीटर पावसाचा हिशेब धरून झाली होती. १९९३ सालीं तयार झालेल्या ब्रिमस्टोवॅड नांवाच्या अहवालानें हें प्रमाण ५० मिलीमीटरपर्यंत वाढवावें असें सुचविलें. त्यानंतर बारा वर्षांनीं, २६ जुलै २००५ रोजीं, सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. आणि त्याच दिवशीं कुलाब्यास मात्र अवघा सुमारें ७४ मिलीमीटर. त्या जलप्रलयाच्या चौकशीसाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष विख्यात जलतज्ज्ञ माधवराव चितळे हे होते. एवढा पाऊस कोणत्याहि मोरीच्या आवांक्याबाहेरचा, हें कोणीहि मान्य करील. परंतु दरवर्षीं तीनचार वेळां जो साधा मुसळधार पाऊस पडतो, त्यांतहि ठराविक ठिकाणें ठराविक रीतीनें बुडतात, तेव्हां दोष आभाळाकडे नसून कोठें तरी जमिनीवर असला पाहिजे.

तो शोधण्यासाठीं नाल्यांतून पाणी वाहतें कसें तें पाहूं. नाला किती पाणी वाहून नेईल हें मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतें: त्याचा उतार किती, पाण्यास मिळणारी जागा केवढी व कोणत्या आकाराची, आणि त्याच्या तळाचा व कडांचा खरखरीतपणा किती. ह्या तिघांचा मेळ घालणारें एक सूत्र रॉबर्ट मॅनिंग ह्या आयरिश गृहस्थानें १८८९ सालीं मांडलें, आणि अद्यापिहि जगभर अभियंते त्याच सूत्रानें नाल्यांचीं मापें काढतात. ह्या मॅनिंगसाहेबांनीं अभियांत्रिकीचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. आयर्लंडांतील पाणथळ जमिनींचा निचरा करणाऱ्या सरकारी खात्यांत ते हिशेबनीस म्हणून लागले, आणि नाल्यांच्या सहवासांत राहून, पुस्तकें वाचून, पाहून पाहून तज्ज्ञ झाले. परीक्षेंत एखादे वेळीं मार्क कमी पडलेल्या विद्यार्थ्यांनीं हें नांव लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं.

सूत्राची किमया एका उदाहरणानें समजेल. दोन मीटर रुंद, एक मीटर खोल व उभ्या कडांचा असा एक नाला घ्या. त्यांत तळापासून ३० सेंटिमीटर गाळ बसला. आपण म्हणूं कीं, शेंकडा ३० जागा गेली, तेव्हां शेंकडा ३० पाणी कमी वाहील. पण तसें होत नाहीं. जवळ जवळ शेंकडा ३८ कमी वाहतें. कारण पाणी जितकें उथळ, तितका त्याचा तळाशीं व कडांशीं घासण्याचा भाग प्रमाणानें मोठा. आतां त्याच गाळावर गवत माजलें असें समजा. स्वच्छ मातीच्या नाल्याचा खरखरीतपणा दर्शविणारा आंकडा सुमारें ०.०२५ धरतात, दाट गवतानें तो सहज ०.०५ होतो. आंकडा दुप्पट झाला कीं ओघ निम्मा. म्हणजे मुळांत शंभर घागरी वाहून नेणारा नाला आतां जेमतेम तीस-एकतीस घागरी वाहून नेतो. आणि वरून पाहणाऱ्यास तो कसा दिसतो? नाल्याची खोली तर शेंकडा सत्तर शिल्लक आहे! नाला ‘बराचसा मोकळा’ आहे असें सांगणारा मनुष्य खोटें बोलत नसतो. तो फक्त डोळ्यांनीं मोजीत असतो.

हा झाला नाला. आतां मोरीकडे वळूं, कारण घोटाळ्याचें माहेर तेंच आहे.

मोरींत शिरतांना पाण्यास एकदम अंग चोरावें लागतें. रुंद नाल्यांतून अरुंद तोंडांत शिरावयाचें तर वेग वाढला पाहिजे, आणि वेग वाढविण्यासाठीं मागें पाण्याची पातळी चढली पाहिजे. दुसरा मार्ग नाहीं. तोंडाच्या कडा धारदार व काटकोनी असतील तर पाणी आंत शिरतांना आणखी आकसतें, भोंवरे होतात आणि बरेंचसें बळ वायां जातें. म्हणून चांगल्या मोरीच्या तोंडाशीं दोन्ही बाजूंस पंखासारख्या पसरलेल्या तिरप्या भिंती बांधतात व कडा गोल करतात. बाटलींत तेल ओततांना आपण नरसाळें कां वापरतों हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्या भिंतींचें प्रयोजन वेगळें सांगावयास नको.

मागें चढलेली पातळी किती दूर जाते, हें पाहण्यासारखें आहे. आपल्याकडील सपाट भागांतले नाले फार मंद उताराचे असतात. हजार मीटरांत एक मीटर उतार असलेल्या नाल्यावर एका मोरीनें पाणी ३० सेंटिमीटर अडविलें, तर त्या फुगवट्याचा परिणाम मागें निदान तीनशें मीटरपर्यंत पोंचतो. तीनशें मीटर म्हणजे चारपांच गल्ल्या. तेथल्या घरांत पाणी शिरलें म्हणजे रहिवासी आपल्या दारापुढचें गटार तपासतात, तें तर स्वच्छ असतें. मग नशिबाला बोल लावतात. खरा अपराधी खालच्या अंगास तिसऱ्या वळणावर, एका मोरीच्या तोंडांत अडकलेल्या जुन्या गादीच्या रूपानें बसलेला असतो. अडथळा खालीं, संकट वर. ही गोष्ट एकदां समजली म्हणजे पाणी तुंबल्यावर कोणत्या दिशेस चालत जाऊन पाहावें हें कळतें.

दुसरा एक भ्रम नळांच्या संख्येचा. ९० सेंटिमीटर व्यासाचा एक नळ आणि ४५ सेंटिमीटर व्यासाचे दोन नळ हे एकच, असें पुष्कळांस वाटतें. शेजारीं शेजारीं ठेवले तर रुंदी तेवढीच भरते ना! वास्तविक व्यास दुप्पट केला म्हणजे क्षेत्रफळ चौपट होतें, आणि घर्षणाचा वांटा कमी झाल्यामुळें ओघ सहापटींहूनहि अधिक होतो. त्या एका नळाचें काम करावयास लहान नळ दोन नव्हेत, सहा देखील अपुरे पडतात. शिवाय लहान नळांत माणसास वांकूनहि पाहतां येत नाहीं, मग आंतला गाळ काढणें दूरच. रस्त्याच्या कामांत खर्च वांचविण्यासाठीं जेथें असे बारीक नळ घातलेले असतात, तेथें ती बचत पुढें दर पावसाळ्यांत आसपासचे लोक व्याजासह फेडीत बसतात.

तिसरी गोष्ट मोरीच्या तळाची. तळ नाल्याच्या तळाहून उंच राहिला तर मागें बारा महिने पाणी साचतें व डांसांची निपज होते. फार खोल गेला तर मोरीच गाळाची खळगी बनते. चौथी गोष्ट मोरीच्या पोटांतून आडव्या नेलेल्या पाण्याच्या नळांची व तारांच्या जुडग्यांची. रस्ता खणण्यापेक्षां आयती वाट बरी, असा विचार करून कोणी तरी त्या घालतो, आणि मग प्रत्येक वाहती पिशवी, नारळाची झांवळी, थर्माकोलचा तुकडा त्यांवर वाळत घातल्यासारखा अडकतो. कचरा आंत जाऊं नये म्हणून तोंडास जाळी बसवितात, तीहि दुधारी असते: रोज साफ केली तर रक्षक, न केली तर धरण.

गाळ येतो कोठून, असें विद्यार्थी विचारतील. वाहत्या पाण्याच्या अंगीं दगडमाती उचलण्याचें विलक्षण सामर्थ्य असतें, आणि तें वेगावर अवलंबून असतें. भूगोलाच्या जुन्या पुस्तकांतून एक नियम सांगत असत कीं, वेग दुप्पट झाला तर पाणी चौसष्टपट वजनाचा दगड ढकलूं शकतें. उलट, वेग निम्मा झाला कीं हातांतलें सारें ओझें तें तेथेंच टाकतें. पारसिकच्या उतारावरून धांवत आलेला ओहोळ सपाटीस लागतो तेथें त्याचा वेग मोडतो, आणि नेमकी तेथेंच पहिली मोठी मोरी असते. डोंगराच्या कुशींत अनेक वर्षें दगडाच्या खाणी चालल्या. त्यांचा चुरा आणि उघड्या पडलेल्या उतारांची माती पावसाबरोबर खालीं येत राहिली. त्यांत इमारतींचा राडारोडा रात्रीच्या अंधारांत नाल्याकांठीं रिकामा करणाऱ्या गाड्यांची भर. हा गाळ निसर्गाचा म्हणावा कीं माणसाचा, ह्याचा निवाडा वाचकांनींच करावा.

तेव्हां नाला एकदां बांधला म्हणजे संपलें, असें कधींच नसतें. सेकंदास सुमारें ६० सेंटिमीटरांहून कमी वेग असलेल्या गटारांत गाळ बसूं लागतो, आणि आपल्या सपाट शहरांत उन्हाळ्याभर बहुतेक गटारांची स्थिति तीच असते. म्हणून दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं नालेसफाई करावी लागते. ती होतेहि; पण काढलेला ओला गाळ वाळावा म्हणून तो कांठावरच ढीग करून ठेवतात. ढीग उचलण्यापूर्वीं रोहिणीचा किंवा मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला, कीं तो आपला पुन्हां स्वस्थानीं. गाळ काढण्याचा खर्च झाला, फोटो झाले, आणि नाला होता तसा झाला. माझ्या मतें गाळ किती काढला ह्याच्या मापापेक्षां तो किती उचलून नेला ह्याचें माप ठेवणें अधिक उपयोगाचें.

सफाई करतां यावी अशी गटाराची रचना मुळांतच असावी लागते. मोहेंजोदडोच्या रस्त्यांतील विटांच्या गटारांवर लाद्या व विटा अशा ठेवीत कीं, त्या उचलून आंत साफ करतां यावें. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची ही गोष्ट. आपण मात्र गाडी दारापर्यंत यावी किंवा दुकानापुढें दोन पायऱ्या व्हाव्या म्हणून गटारावर पक्का काँक्रीटचा थर ओततों. मग आंत काय साचलें हें पाहण्यास वाट उरत नाहीं. अशा बंद वाटांत गाळ काढण्यासाठीं माणूस उतरविणें हा तर गुन्हाच समजावा. मैल्याच्या भुयारी गटारांत संरक्षणावांचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई केलेली आहे, तरीहि विषारी वायूनें मृत्यु आल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. ज्यांच्या कष्टांवर आपलीं घरें कोरडीं राहतात, त्यांच्यासाठीं निदान उचलतां येण्याजोगीं झांकणें व आंत यंत्र जाईल एवढी रुंदी ठेवणें हें फार मागणें नव्हे. आणि झांकणें जागच्या जागीं असणें हेंहि तितकेंच महत्त्वाचें. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं मुंबईंत साचलेल्या पाण्यांतून चालत घरीं निघालेले एक नामांकित डॉक्टर उघड्या झांकणांतून खालीं वाहून गेले, ही दुःखद घटना पालकांच्या स्मरणांत असेल.

समुद्रसपाटीखालीं वसलेल्या हॉलंडांत पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागें जाते. ज्याच्या जमिनीच्या कडेनें चर जातो, त्यानें तो गवत व गाळ काढून मोकळा ठेवला पाहिजे. आणि ठराविक काळीं, विशेषतः शरदृतूंत, मंडळाचे लोक फिरून पाहणी करतात. चर तुंबलेला आढळला तर दंड. ह्यांत नवलाचें कांहीं नाहीं; आपल्या खाजणांच्या बांधांमागेंहि तोच विचार होता. फरक इतकाच कीं, त्यांनीं शहरें वसविल्यावरहि तो सोडला नाहीं.

आतां भरतीकडे येऊं. नाला साफ आहे, मोऱ्या मोकळ्या आहेत, तरीहि पाणी जात नाहीं, असा एक प्रसंग उरतोच. शहराचा बराच भाग खाडीकांठच्या सखल जमिनीवर वसलेला असून, उधाणाच्या भरतीची पातळी त्यांतील कांहीं भागांपेक्षां उंच असते. त्या वेळीं नाल्यानें पाणी सोडावें कोठें? येथें रचनाकारांनीं आगरी शेतकऱ्यांची उघाडी आठवली. हॉलंडच्या धर्तीवर सिडकोनें खाडीच्या कांठानें धारण तलाव खोदले आणि त्यांच्या तोंडास लोंबतीं झडपेचीं दारें बसविलीं. भरतींत दारें मिटतात व शहराचें पाणी तलावांत साठतें. ओहोटींत दारें उघडून तलाव रिकामा होतो. जणूं शहरानें काहीं तास श्वास रोखून धरावयाचा.

किती मोठा श्वास? उदाहरणादाखल असें धरूं कीं, एका तलावाकडे एक चौरस किलोमीटर वस्तीचें पाणी येतें, दार तीन तास बंद आहे आणि त्या काळांत ताशीं २५ मिलीमीटर पाऊस पडून सगळें पाणी वाहत आलें. हें झालें ७५,००० घनमीटर. तलाव पांच हेक्टरांचा असेल तर त्यांतील पाणी दीड मीटर चढेल. आतां तलावांत एक मीटर गाळ बसला असेल, तर तो मीटरभर पाण्यास दुसरी जागा हवी; आणि ती जागा म्हणजे रस्ते, तळमजले व जुनीं गांवठाणें. गांवठाणें विशेषेंकरून. सभोंवतीं भराव घालून नव्या वसाहती उंच झाल्या, आणि मूळचीं गांवें कित्येक ठिकाणीं बशीच्या तळाशीं राहिलीं. ज्यांच्या पूर्वजांनीं उघाड्या राखल्या त्यांच्याच घरांत पाणी आधीं शिरावें, हा योगायोग मनास बरा वाटत नाहीं.

गाळ काढून टाकावा, असें म्हणणें सोपें आहे. परंतु कित्येक वर्षें गाळ न काढल्यामुळें ह्या तलावांत तिवरांचें, म्हणजे खारफुटीचें, रान माजलें. खारफुटीचा नाश करण्यास मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालानें ती कायम केली. ती योग्यच होती, कारण खाडीकांठचीं तिवरें लाटांचा जोर मोडतात, कांठ धरून ठेवतात, आणि कोळ्यांच्या जाळ्यांत येणारी मासळी त्यांच्याच मुळांत वाढते. म्हणून तलावांतील गाळ उपसण्यास परवानग्या लागतात व काम लांबतें. एक पक्ष म्हणतो, झाडें वांचवा. दुसरा म्हणतो, घरें वांचवा. दोघांचेंहि खरें आहे. माझें मत असें कीं, खाडीच्या उघड्या कांठावरचीं तिवरें आणि खोदलेल्या तलावाच्या गाळावर उगवलेलीं तिवरें ह्यांचा विचार वेगळा केला पाहिजे, आणि तलावांतलीं जितकीं काढावीं लागतील त्यांहून अधिक क्षेत्र कांठावर राखलें पाहिजे. पण हा पेंच मुळांत उद्भवला तो निगा थांबल्यामुळें. दरवर्षीं हातभर गाळ निघत राहिला असता तर तेथें रान उगवलेंच नसतें, आणि न्यायालयाची पायरी चढण्याचें कारणहि पडलें नसतें. झडपांची गोष्ट त्याहून क्षुद्र, परंतु तितकीच खरी: बिजागरींत एखादी फळी किंवा चपलांचा गठ्ठा अडकला कीं दार पुरतें मिटत नाहीं, आणि खाडी उलट शहरांत येते.

भरती केव्हां, हें कळण्यासाठीं कोंकणच्या किनाऱ्यावर एक ठोकळ हिशेब प्रचलित आहे. तिथीच्या आंकड्यास तिनानें गुणून चारांनीं भागावें. जें उत्तर येईल त्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस साडेअकरा-बाराच्या सुमारास. दिवसा एकदां व रात्रीं एकदां. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, परंतु आजीच्या पंचांगावरून एवढें काढतां येणें कांहीं थोडें नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती.

ज्या विद्यार्थ्यांस हें सारें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं एक साधा प्रयोग देतों. तो पाऊस थांबल्यावर, वडील माणसास बरोबर घेऊन आणि पुलाच्या कठड्याआडूनच करावयाचा. नाल्यांत उतरावयाचें नाहीं, व पाणी चढत असतां तर जवळहि जावयाचें नाहीं. सरळ वाहणाऱ्या नाल्याच्या कडेच्या रस्त्यावर २० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. वरच्या खुणेशीं संत्र्याच्या सालीचा तुकडा टाका व खालच्या खुणेशीं पोंचावयास किती सेकंद लागले तें टिपा. ४० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास अर्धा मीटर. तळाजवळ पाणी संथ असतें, म्हणून त्यास ०.८५ नें गुणा; सरासरी वेग ०.४२५ मीटर आला. नाला २ मीटर रुंद असून खुणा केलेल्या बांबूनें पाणी ४० सेंटिमीटर खोल भरलें, तर क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर, आणि ओघ सेकंदास सुमारें ३४० लिटर. मोरीच्या वरच्या व खालच्या अंगास पाण्याची पातळी कठड्यापासून किती खोल आहे तेंहि मोजा. दोहोंत वीतभर अंतर आढळलें तर मोरीच्या पोटांत कांहीं तरी अडकलें आहे असें समजावें, व पालकांनीं तें ठिकाण व तारीख घालून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयास लेखी कळवावें. तोंडी तक्रारीस वय नसतें. लेखी तक्रारीस आवक क्रमांक मिळतो.

वहींत तिथीचा एक रकाना अवश्य ठेवा. खाडीजवळ दार नसलेल्या नाल्यावर अष्टमीच्या दुपारीं बारा वाजतां सालीचा तुकडा खाडीकडे धांवत असलेला दिसेल. त्यानंतरच्या अमावास्येस, त्याच वेळीं, त्याच पुलावरून टाकलेला तुकडा जागच्या जागीं घुटमळेल, किंवा तुमच्या देखत डोंगराकडे चालूं लागेल.